लिनॅक आला, पण किरण मोजणार कोण?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक घोषणा होती: पुढच्या तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर उभी करायची, त्यातली २०० पहिल्याच वर्षात. बातमी आली तेव्हा बऱ्याच जणांचा समज झाला की आता जिल्ह्याच्या गावीच ‘शेक’ मिळणार. तर तसं नाही. डे-केअर सेंटर म्हणजे मुख्यतः केमोथेरपी. सकाळी यायचं, सलाइनमधून औषध घ्यायचं, संध्याकाळी घरी. रेडिएशन, ज्याला आपल्याकडे लोक ‘शेक देणं’ किंवा ‘लाइट देणं’ म्हणतात, त्याला जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते, कोट्यवधींचं मशीन लागतं आणि वेगळा परवाना लागतो.

पण भारतात वर्षाला १४ लाखांच्या आसपास कॅन्सरचे नवे रुग्ण सापडतात आणि त्यातल्या साधारण निम्म्यांना उपचारात कधी ना कधी रेडिएशनची गरज पडते. म्हणजे निदान आणि केमो जिल्ह्यात पोचली की पुढची मागणी रेडिएशनचीच असणार. ती सुरूही झाली आहे. ‘अमुक शहरात अत्याधुनिक लिनॅक दाखल’ अशा बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. मशीनची किंमत असते, कंपनीचं नाव असतं, फीत कापणाऱ्या मंत्र्यांचा फोटो असतो. मी या बातम्यांमध्ये एक गोष्ट शोधत असतो आणि ती जवळपास कधीच सापडत नाही: त्या मशीनसाठी मेडिकल फिजिसिस्टची किती पदं मंजूर झाली?

हा प्रश्न किरकोळ वाटेल. रेडिएशनचा सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचला की तो तसा वाटत नाही. या क्षेत्रातली मोठी झेप आणि मोठा अपघात, दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट आहे. किरण किती, हे कुणी नीट मोजलं, किंवा मोजलं नाही.

हजारावा भाग अंशाचा

आधी थोडं फिजिक्स. रेडिएशनचा डोस ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. ही ऊर्जा किती असते? संपूर्ण शरीराला एका दमात चार-एक ग्रे मिळाले, तर उपचारांशिवाय निम्मी माणसं दगावू शकतात. तेवढ्या डोसनं शरीराचं तापमान किती वाढतं? अंशाच्या एक हजाराव्या भागाइतकं. चहाच्या एका गरम घोटात जवळपास तेवढीच उष्णता असते.

म्हणजे मारून टाकणारा डोसही अंगाला जाणवत नाही. चटका बसत नाही, वास येत नाही, दिसत नाही. परिणाम उष्णतेमुळे होतच नाही. किरण पेशीतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, त्यातून डीएनए तुटतो आणि बिघाड काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी बाहेर दिसतो. भट्टीसमोरच्या लोहाराला हात मागे घ्यायचा कधी ते हातच सांगतो. इथे तशी सोय नाही. उपकरणानं सांगितलं तरच कळणार.

आणि चूक किती चालते? डॉक्टरनं लिहून दिलेला डोस आणि गाठीला प्रत्यक्ष मिळालेला डोस यांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, असं १९७० च्या दशकापासून मानलं जातं. कमी पडला तर गाठ परत येते, जास्त झाला तर शेजारचं आतडं, मज्जारज्जू, मूत्राशय भोगतं.

हात घालून बघायचे

विल्हेम रॉन्टगेननं ८ नोव्हेंबर १८९५ ला वुर्झबर्गमध्ये क्ष-किरण ओळखले. डिसेंबरच्या अखेरीस निबंध आला आणि काही महिन्यांत जगभरच्या डॉक्टरांनी ट्यूबा मागवल्या. त्यानं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे प्रसार आणखीच वेगानं झाला. फक्त किरण ‘किती’ हे मोजायची रीत कुणाकडे नव्हती.

मग लोक काय करायचे? ट्यूब नीट चालते की नाही हे बघायला स्वतःचा हात किरणांत धरायचे आणि पडद्यावर हाडं कशी दिसतात ते पाहायचे. रोज. एडिसनच्या प्रयोगशाळेत असं काम करणारा क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये गेला, त्याआधी त्याचे हात कापावे लागले होते. एडिसननं क्ष-किरणांचा नाद सोडला. हेन्री बेकेरेलनं रेडियमची नळी कोटाच्या खिशात ठेवली आणि कातडीला जखम झाली. प्येर क्युरीनं मग मुद्दाम स्वतःच्या दंडावर तसाच भाजल्याचा डाग पाडून घेतला आणि त्याची टिपणं ठेवली. कॅन्सरची गाठ जाळता येईल ही कल्पना अशाच जखमांतून पुढे आली. जर्मनीत हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात १९३६ मध्ये या लोकांचं स्मारक उभारलं, त्यावर सुरुवातीला १६९ नावं होती.

उपचारासाठी डोस ठरवायची पद्धतही अशीच होती: कातडी लाल होईपर्यंत. याला ‘एरिथिमा डोस’ म्हणत. गोऱ्या कातडीवर लाली लवकर दिसते, सावळ्या कातडीवर उशिरा. सकाळच्या उजेडात वेगळी, दिव्याखाली वेगळी. म्हणजे मोजपट्टी रुग्णागणिक बदलणारी. १९०४ च्या सुमाराला एका रसायनाच्या छोट्या चकत्या आल्या, त्यांचा रंग किरणांनी बदलायचा. रंग तक्त्याशी जुळवायचा आणि अंदाज बांधायचा. जरा बरं, इतकंच.

खरा बदल झाला तो हवेमुळे. क्ष-किरण हवेतून गेले की हवेत विद्युतभार तयार होतो आणि तो मोजता येतो. १९२८ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत या तत्त्वावर ‘रॉन्टगेन’ हे एकक जगानं मान्य केलं. शोध लागून तेहेतीस वर्षं झाली होती. किरणांपासून संरक्षणाचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय समितीही त्याच परिषदेत स्थापन झाली, हा योगायोग नाही. आकडा असल्याशिवाय मर्यादा घालणार कशाची?

जॉन्स थांबला

या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट कॅनडातली आहे. १९५१ मध्ये तिथल्या चॉक रिव्हरच्या अणुभट्टीत तयार झालेलं कोबाल्ट-६० दोन ठिकाणी गेलं: सस्कॅटूनला हॅरल्ड जॉन्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे, आणि ओंटारिओमधल्या लंडन शहरातल्या रुग्णालयाकडे. त्याआधीच्या क्ष-किरण ट्यूबांची ताकद कमी असायची. पोटातल्या खोल गाठीपर्यंत किरण पोचेपर्यंत कातडी भाजून निघायची. कोबाल्टचे गॅमा किरण जास्त ऊर्जेचे, त्यांचा सर्वाधिक डोस कातडीच्या जरा खाली पडतो. सगळ्यांना घाई होती.

जॉन्सकडे कोबाल्ट आधी पोचलं, ऑगस्टमध्येच ते मशीनमध्ये बसलं. पण त्यानं रुग्ण घेतला नाही. तो आणि त्याचे विद्यार्थी पाण्याच्या टाकीत मोजमाप करत बसले. माणसाचं शरीर बरंचसं पाण्यासारखं वागतं, म्हणून पाण्यात वेगवेगळ्या खोलीवर डोस मोजायचा, किरणाची चौकट लहान-मोठी करून पुन्हा मोजायचा, आणि तक्ते तयार करायचे. या कामात सिल्व्हिया फेडोरुक ही तरुण विद्यार्थिनी होती. पुढे ती सस्कॅचेवान प्रांताची लेफ्टनंट गव्हर्नर झाली. दरम्यान लंडनवाल्यांनी २७ ऑक्टोबरला आपला पहिला रुग्ण घेतला आणि ‘जगात पहिले’ हा मान त्यांना गेला. सस्कॅटूननं ८ नोव्हेंबरला सुरुवात केली. रुग्ण होत्या ४३ वर्षांच्या एक बाई, गर्भाशयमुखाचा कॅन्सर बराच पुढे गेलेला. त्या त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं जगल्या.

बारा दिवसांनी मान हुकला, पण तक्ते राहिले. त्या प्रकारचे तक्ते जगभरच्या कोबाल्ट विभागांनी पुढची अनेक वर्षं वापरले. आपल्याकडच्या उद्घाटनाच्या तारखा बघतो तेव्हा मला जॉन्स आठवतो. नवा लिनॅक बसल्यावर अशीच मोजमापं करावी लागतात, त्याला कमिशनिंग म्हणतात, आणि त्यात आठवडे जातात. मंत्र्यांची तारीख ठरलेली असेल तर हे आठवडे कुणाच्या डोळ्यावर येणार, हे सांगायला नको.

०.३ मिनिट म्हणजे किती सेकंद?

घाईघाईत सांगा बघू. १८ सेकंद. पण कागदावर ०.३ दिसलं की डोक्यात पटकन ३० येतात.

१९९६ मध्ये कोस्टा रिकाची राजधानी सॅन होजे इथे नेमकं हेच झालं. कोबाल्टची ताकद दर महिन्याला साधारण एक टक्क्यानं घटते, अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणून काही वर्षांनी नवा स्रोत बसवून तो मोजावा लागतो. मोजताना ०.३ मिनिटाची वेळ ३० सेकंद म्हणून धरली गेली. अर्थात हिशेबात स्रोत प्रत्यक्षाहून बराच कमजोर ठरला. कमजोर म्हटल्यावर प्रत्येक रुग्णाला मशीनखाली जास्त वेळ ठेवलं. सुमारे महिनाभर ११५ रुग्णांना ठरल्यापेक्षा दीडपटीच्या घरात डोस गेला. मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. कितीही महाग मशीन आणलं असतं तरी ही चूक झालीच असती. दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे एकदा मोजलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडली असती.

आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ, अपघाताचं नाही, हवामानाचं. लिनॅकचा डोस मोजायला बोटाच्या टोकाएवढं आयन चेंबर वापरतात. त्यातली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. हवा विरळ असेल तर आत रेणू कमी, तयार होणारा विद्युतभार कमी, आणि आकडा कमी येतो. मुंबई समुद्रसपाटीला, पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर. पुण्यात हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे एकच चेंबर, एकच ताकदीचा किरण, आणि दाबाची दुरुस्ती केली नाही तर घाट चढल्यावर सहा टक्के फरक. वर म्हटलेली पाच टक्क्यांची मर्यादा इथेच ओलांडली. त्यात आणखी एक सापळा आहे. हवामानाच्या बातम्यांत आणि मोबाइलच्या अॅपमध्ये दिसणारा दाब बहुधा समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो. तो आकडा उचलून सूत्रात टाकला की दुरुस्ती केल्याचं समाधान मिळतं आणि चूक तशीच राहते. खोलीत स्वतःचा बॅरोमीटर हवा आणि तो बघणारा माणूस हवा.

‘सॉफ्टवेअर बघून घेईल’

हल्ली याला उत्तर तयार असतं: आता हे सगळं ऑटोमॅटिक झालंय. सीटी स्कॅनवर अवयवांच्या रेषा एआय आखतं, उपचाराचा आराखडा सॉफ्टवेअर काढतं, मशीन रोज स्वतःची तपासणी करतं. यातलं बरंच खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. ज्या कामाला डॉक्टरचा तास-दीड तास जायचा ते काही मिनिटांत होतं, मग तपासायला वेळ उरतो. पण या युक्तिवादाचा एक जुना नमुना उपलब्ध आहे, तो माहीत असलेला बरा.

थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेलं लिनॅक १९८० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांत बसलं. त्याच्या आधीच्या मॉडेलमध्ये चुकीची जुळणी झाली तर किरण सुरूच होऊ नये म्हणून वेगळी यांत्रिक आणि विद्युत कुलुपं होती, म्हणजे इंटरलॉक. थेरॅक-२५ मध्ये त्यातली बरीच काढली. ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. हे मशीन दोन पद्धतीनं चालायचं. थेट इलेक्ट्रॉन द्यायचे असतील तर किरण हलका, क्ष-किरण हवे असतील तर सुमारे शंभरपट जोरदार, कारण मध्ये धातूचं लक्ष्य आणि गाळणी येते आणि बहुतेक जोर तिथेच खर्च होतो. जोरदार किरण आणि मध्ये काहीच नाही, ही जुळणी कधीही होता कामा नये.

झाली. १९८५ ते १९८७ मध्ये सहा अपघात नोंदले गेले, त्यातून मृत्यूही झाले. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ मध्ये ऑपरेटरनं चुकून क्ष-किरणाची कळ दाबली, लगेच वर जाऊन दुरुस्त केली आणि पुढे गेली. ती सराईत होती, तिचे हात झपाझप चालायचे. चुंबकांची जुळणी व्हायला आठ सेकंद लागत होते, दुरुस्ती त्याच्या आत झाली, आणि सॉफ्टवेअरच्या एका भागाला ती कळलीच नाही. पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’ असं आलं. रुग्ण ओरडत होता आणि मशीन सांगत होतं की डोस कमी गेलाय. निर्मात्या कंपनीचं म्हणणं, जास्त डोस जाणं शक्यच नाही.

चूक शोधली ती रुग्णालयाच्या फिजिसिस्टनं, फ्रिट्झ हेगरनं. तो त्या ऑपरेटरला घेऊन मशीनपुढे बसला आणि त्याच कळा पुन्हा पुन्हा, तितक्याच वेगानं दाबून पाहिल्या. हळू दाबल्या की काही होत नव्हतं. वेग जमला आणि ५४ हा आकडा पुन्हा आला. नंतर कळलं की आधीच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्येही अशीच चूक होती. तिथे नुसता फ्यूज उडायचा, लोक तो बदलायचे आणि काम पुढे चालू.

आता हेगरच्या जागी रिकामी खुर्ची कल्पून बघा. किंवा तीन रुग्णालयं सांभाळणारा, आठवड्यातून एकदा येणारा माणूस. २०००-०१ मध्ये पनामाच्या कॅन्सर संस्थेत संगणकात शिशाच्या ढालींची माहिती वेगळ्या रीतीनं भरली गेली, सॉफ्टवेअरनं निमूटपणे चुकीची वेळ काढून दिली, आणि २८ रुग्णांना जादा डोस गेला. तपासणीत जे पुढे आलं त्यात कामाचा ताण आणि अपुरी माणसं हेही होतंच. शिक्षा मात्र फिजिसिस्टना झाली.

रिकाम्या पदावरून सीटी स्कॅन

इमेजिंगच्या इतिहासातही रिकाम्या खुर्चीची एक गोष्ट आहे, आणि ती चांगली आहे. १९५५ मध्ये केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयातल्या फिजिसिस्टनं राजीनामा दिला. किरणोत्सारी पदार्थ वापरायचे तर देखरेखीला पात्र भौतिकशास्त्रज्ञ हवाच, असा दक्षिण आफ्रिकेत कायदा होता. म्हणून विद्यापीठात शिकवणाऱ्या अॅलन कॉरमॅकला आठवड्यातला दीड दिवस तिथे बसायला सांगितलं. तिथे त्यानं रेडिएशनचे आराखडे पाहिले आणि त्याला खटकलं: डोसचा हिशेब करताना शरीर सगळीकडे सारखं धरलं होतं. हाड, फुप्फुस, स्नायू, सगळं एकच. आतमध्ये कुठे किती किरण शोषला जातो हे बाहेरून मोजून काढता येईल का?

त्यानं गणित मांडलं आणि लाकडाच्या कड्यात बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या गोलावर करून पाहिलं. मधल्या भागात आकडे जरा हलले. चौकशी केल्यावर कळलं की त्या गोलाच्या मध्यभागी किंचित वेगळ्या अॅल्युमिनियमची खुंटी होती, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मोजमापानं न उघडता सांगितलं! त्यानं १९६३ आणि १९६४ मध्ये निबंध छापले. डॉक्टरांनी फारशी दखल घेतली नाही. प्रत मागणाऱ्यांत स्वित्झर्लंडमधली हिमकड्यांचा अभ्यास करणारी संस्था होती. पुढे इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीच्या गॉडफ्रे हाउन्सफील्डनं कॉरमॅकचं काम माहीत नसताना स्वतंत्रपणे यंत्र बनवलं, १ ऑक्टोबर १९७१ ला पहिल्या रुग्णाचा मेंदू स्कॅन झाला, आणि १९७९ चं नोबेल दोघांना मिळालं. (बीटल्सच्या रेकॉर्डच्या पैशातून सीटी स्कॅन जन्मला ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर फिरते. ईएमआय त्यांची रेकॉर्ड कंपनी होती हे खरं, पण ब्रिटिश आरोग्य खात्यानंही यात पैसा घातला होता, ते कुणी फॉरवर्ड करत नाही.)

कॉरमॅकचा मूळ प्रश्न आज प्रोटॉन थेरपीत पुन्हा ऐरणीवर आहे. रॉबर्ट विल्सननं १९४६ मध्ये मांडलेली कल्पना अशी: क्ष-किरण शरीराच्या आरपार जातो, प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा टाकून थांबतो. म्हणजे गाठीच्या मागचा भाग वाचतो. भारतात चेन्नईला खासगी केंद्र २०१९ मध्ये सुरू झालं आणि नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेकमध्ये २०२३ मध्ये. पण प्रोटॉन नेमका कुठे थांबणार हे सीटी स्कॅनवरून काढावं लागतं आणि त्यात साधारण तीन-साडेतीन टक्क्यांची अनिश्चितता धरतात. १५ सेंटिमीटर खोल गाठीला हे झालं पाच मिलिमीटरच्या आसपास. त्यामागे मज्जारज्जू असेल तर ते पाच मिलिमीटर कसे वापरायचे, हा निर्णय मशीन घेत नाही.

मुंबईचा वारसा

हे सगळं आपल्याला नवं आहे असं मुळीच नाही. परळचं टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. कॅन्सरचं रुग्णालय आरोग्य खात्याऐवजी अणुऊर्जा खात्याखाली, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण होमी भाभांना दिसत होतं की पुढचा कॅन्सर उपचार रेडिएशनवर उभा राहणार आणि रेडिएशन समजणारी माणसं ट्रॉम्बेत आहेत. त्याच वर्षी ट्रॉम्बेत रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांतले कितीतरी फिजिसिस्ट तिथून घडले. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ आलं. आज त्याच्या परवान्याशिवाय रेडिएशन विभाग चालवता येत नाही आणि परवान्यासाठी मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिएशन सुरक्षा अधिकारी लागतातच.

मशीनही इथे बनलं. भाभा अणुसंशोधन केंद्रानं ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट मशीन विकसित केलं आणि ते पहिल्यांदा अॅक्ट्रेकमध्ये बसलं. वीज अधूनमधून जाणाऱ्या गावात चालेल, भागणारं असेल, हा विचार त्यामागे होता. भारतानं ते व्हिएतनामसारख्या देशांना भेटही दिलं. कोबाल्ट की लिनॅक, हा वाद मी इथे घालत नाही. लिनॅकनं डोस अधिक बारकाईनं बसवता येतो हे खरंच आहे, पण लिनॅकला मोजमापही रोज आणि जास्त लागतं, वीजही भरवशाची लागते. कोबाल्टच्या खोक्यावर माणूस कमी पडला तर काही दिवस निभावतं, लिनॅकवर तेवढी ढील चालत नाही. म्हणजे मशीन जितकं नवं, तितकी फिजिसिस्टची गरज वाढते. आपल्या खरेदीच्या फायलींत हे उलटं गृहीत धरलेलं दिसतं.

माझा आक्षेप नियमांवर नाही, नियम बरे आहेत. आक्षेप असा की परवान्यासाठी लागणारी किमान संख्या हीच आपण कमाल करून टाकतो. मशीनचा पैसा एकदा खर्च करायचा असतो आणि त्याचा फोटो निघतो. पदाचा पगार दरवर्षी द्यायचा असतो आणि त्याचा फोटो निघत नाही. त्यामुळे यंत्राला भांडवली निधी आणि माणसाला कंत्राट. ज्याच्या एका सहीवर दिवसाच्या साठ-सत्तर रुग्णांचा डोस अवलंबून, त्याला ‘आज मशीन बंद ठेवा, आकडा जुळत नाही’ असं अधिष्ठात्यांना सांगता आलं पाहिजे. मुदत संपायला दोन महिने उरलेला कंत्राटी माणूस ते किती ठामपणे सांगेल?

तेव्हा तुमच्या जिल्ह्यात लिनॅक येत असेल आणि तुम्ही पत्रकार, नगरसेवक किंवा नुसते चौकस नागरिक असाल, तर तीन गोष्टी विचारून बघा. फिजिसिस्टची कायम पदं किती, आणि त्यातली भरलेली किती. कमिशनिंगला किती आठवडे ठेवले आहेत. आणि बाहेरच्या कुणी डोस शेवटचा कधी तपासला. ही शेवटची तपासणी महाग नाही, टपालानं होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून ती चालवतात, आपल्याकडे ट्रॉम्बेहून होते. किरण लक्षात ठेवणारी पूड भरलेली छोटी कुपी पाकिटातून येते, रुग्णालयानं तिला ठरलेला डोस द्यायचा आणि परत पाठवायची. तिकडे ती तापवतात, तेव्हा तिच्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून खरा डोस कळतो. रुग्णालयानं सांगितलेला आकडा आणि कुपीनं सांगितलेला आकडा शेजारी शेजारी ठेवायचे.

आणि तुम्ही एमएस्सी फिजिक्सच्या वर्गात बसून ‘आता पुढे काय’ असा विचार करत असाल, तर ट्रॉम्बेची ती पदविका अजून चालू आहे: एक वर्ष अभ्यास, मग मान्यताप्राप्त रेडिओथेरपी विभागात एक वर्ष इंटर्नशिप. काही विद्यापीठांत मेडिकल फिजिक्सची एमएस्सीही आहे. रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा त्यानंतर. जागा थोड्या असतात, जाहिरातीवर लक्ष ठेवा.